टाकीतलं वीर्य थांबतं, कुत्रीचा माज थांबत नाही

अमेरिकेतल्या साठवण केंद्रांत अशा कितीतरी नर कुत्र्यांच्या रेतकांड्या नत्रद्रवात बुडालेल्या आहेत, जे २०-३० वर्षांपूर्वीच गेले. अशी कांडी वापरायला निघालेला माणूस पहिली शंका काढतो ती वयाची: इतक्या वर्षांनी त्यात जीव उरला असेल का? माझ्या मते काळजी करायची जागा ही नव्हे. उणे १९६ अंशांवर पेशीतली रासायनिक हालचाल जवळजवळ बंद पडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६८ साली गोठवलेलं मेरिनो मेंढ्यांचं वीर्य ५० वर्षांनी वापरलं, तेव्हा ५६ पैकी ३४ मेंढ्या गाभण राहिल्या. अलीकडे गोठवलेल्या वीर्याचं यशही जवळपास तेवढंच होतं. कुत्री म्हणजे मेंढी नव्हे, हे कबूल. पण टाकीतला नत्र कधी आटू दिला नसेल, तर नुसती वर्षं उलटल्याने कुत्र्याचं वीर्य नासेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

नुकसान होतं ते गोठवताना आणि वितळवताना. त्यातही वीर्य साठवायचं मालकाला सुचतं तेव्हा नर बहुधा नऊ-दहा वर्षांचा झालेला असतो, म्हणजे मुळातच माल उतरणीचा. शिवाय वितळवण्याची रीत प्रयोगशाळेगणिक वेगळी. कुणाची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात सावकाश वितळवायची असते, तर कुणाची ७० अंशांच्या पाण्यात मोजून काही सेकंदच. जिथे गोठवलं त्यांच्याकडूनच ती रीत लेखी घ्यावी आणि एक कांडी आधी वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. मोजक्या कांड्यांतली एक फुकट घालवायची का, हा आक्षेप मला समजतो, कारण मेलेल्या नराची नवी कांडी मिळणार नसते. तरीही घालवावी. एका रेतनाला साधारण १० ते २० कोटी धडधाकट, चपळ शुक्रजंतू लागतात. एका कांडीत जिवंत किती निघतात हे कळल्याशिवाय किती कांड्या काढायच्या ते ठरणार कसं?

दुसरा आक्षेप आपल्याकडचा माणूस हमखास घेईल: गाईचं कृत्रिम रेतन गावोगावी होतं, मग कुत्रीचंच एवढं अवघड का? गाईला २ कोटी शुक्रजंतूंची कांडी पुरते आणि माज डोळ्यांनी ओळखता येतो. कुत्रीचं बीजांड मात्र सुटतं तेव्हा कच्चं असतं आणि पिकायला आणखी दोनेक दिवस घेतं. ताजं वीर्य गर्भाशयात पाच-सहा दिवस टिकून तेवढी वाट पाहू शकतं. वितळवलेलं मात्र जेमतेम दिवसभर. म्हणून 'अकराव्या आणि तेराव्या दिवशी' हा जुना हिशेब इथे घातक ठरतो. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासावं. ते मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की बीजांडं सुटत आहेत असं समजावं, आणि तिथून दोन-तीन दिवसांनी रेतन करावं. आकडा चढता राहतोय याची त्यानंतरही खात्री करावी, कारण काही कुत्र्यांत तो मध्येच अडतो. या चाचण्यांवर पैसे वाचवणारे कांड्या गमावतात.

मादी निवडतानाही तोच विचार हवा. गाजलेल्या नराची दुर्मीळ कांडी कधीच न व्यालेल्या सात वर्षांच्या कुत्रीवर लावणं मला पटत नाही. तरुण, आधी सुरळीत व्यालेली, ब्रुसेलाची तपासणी झालेली मादीच घ्यावी. तो नर जिवंत असताना ज्या आनुवंशिक चाचण्या नव्हत्याच, त्या आता साठवलेल्या वीर्यावरही करता येतात, आणि त्या मादी ठरवण्याआधीच कराव्यात.

राहिला रेतनाचा मार्ग. वीर्य थेट गर्भाशयात पोहोचायला हवं. त्यासाठी पोट फाडण्याची रीत अजूनही काही ठिकाणी चालते, पण दुर्बिणीने ग्रीवेतून नळी घालता येत असताना कुत्रीला त्या त्रासातून नेऊ नये. जवळपास तसा पशुवैद्य नसेल, तर हा माज जाऊ द्यावा. पुढचा सहा-सात महिन्यांनी येईल आणि तोवर टाकीतल्या कांड्यांचं काही बिघडत नाही.