नाव ‘आकाश’, रंग वेगळाच



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४

भगवंत अर्जुनाला सांगतात, ज्यांनी तत्त्व प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्याकडे जा. तिथे नम्र हो, प्रश्न विचार, सेवा कर. मग ते तुला ज्ञान देतील. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा या तीन पायऱ्या आपण खूपदा ऐकतो. मला त्या कळल्या एका छोट्याशा विमानामुळे.

आमचे काका थळला राहतात. ओटीवर बसलं की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. तरुणपणी ते नौदलात होते आणि साठच्या दशकात ‘विक्रांत’वर ‘सी हॉक’ विमानांची देखभाल करायचे. ‘विक्रांत’ १९६१ साली आपल्या नौदलात दाखल झाली. याच जहाजावरून उडालेल्या सी हॉकनी डिसेंबर १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले होते. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काय द्यावं? मी ठरवलं, सी हॉकचं मॉडेल, १/७२ आकाराचं, स्वतः रंगवून.

माहिती वाचली. वरचा भाग ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’, खालचा ‘स्काय’. स्काय म्हणजे आकाश! मी मस्त आकाशी निळा आणला आणि विमानाचं पोट रंगवून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांनी मॉडेल हातात घेतलं, उलटं केलं, बराच वेळ पाहिलं. “छान केलंस हो,” म्हणाले आणि बाजूला ठेवलं. एवढंच. मला लागलं ते. संध्याकाळी विचारलं, तर हळूच म्हणाले, “बाळा, आमच्या विमानाचं पोट निळं नव्हतं. फिकट हिरवट होतं.”

आणि मी काय केलं? वाद घातला! मोबाईलवर जुना फोटो काढून दाखवला. फोटो कृष्णधवल. त्यात फिकट निळा काय आणि फिकट हिरवा काय, दोन्ही सारखेच राखाडी. ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी ती विमानं पुसली, त्याला मी फोटो दाखवत होतो. काका गप्प झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रणिपात म्हणजे नुसतं वाकणं नाही, ‘मला माहीत आहे’ हे खाली ठेवणं. सकाळी काकांना नमस्कार केला आणि म्हटलं, “काका, चुकलो. तुम्ही सांगा, मी ऐकतो.”

मग परिप्रश्न. यातल्या ‘परि’चा अर्थ सगळ्या बाजूंनी. काकांची आठवण ऐकली, पण इतकी वर्षं झाली, आठवणही फसवू शकते. म्हणून शोधत गेलो. गोव्यात दाभोळीला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आहे. पण उघड्यावर, उन्हात आणि खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या विमानाचा रंग उतरतो, आणि पुन्हा दिलेला रंग मूळचाच असेल असं नाही. शेवटी आधार मिळाला ब्रिटिश रंगमानकाचा, बी.एस. ३८१सी. त्यात प्रत्येक रंगाला क्रमांक असतो. ६३७ मीडियम सी ग्रे, ६३८ डार्क सी ग्रे, ६४० एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. नावं जवळजवळ सारखी, रंग तीन! आणि २१० क्रमांकाचा ‘स्काय’ पाहिला, तर तो खरंच फिकट, पिवळसर हिरवा. काका बरोबर होते.

गंमत म्हणजे या रंगाने आधीही लोकांना फसवलंय. १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमानांचं पोट ‘स्काय’ करायचा आदेश निघाला, रंग पुरेसा मिळेना, आणि ठिकठिकाणी अंदाजाने मिसळून निळसर-हिरवट अशा नाना छटा लावल्या गेल्या.

उरली सेवा. थिनरने निळा रंग काढला, बारीक पॉलिश पेपरने घासलं, दोन रविवार गेले. अचूक क्रमांकाचा रंगसुद्धा इतक्या लहान वस्तूवर गडद वाटतो, म्हणून मॉडेलवाले त्यात थोडा पांढरा मिसळतात. किती मिसळायचा हे काकांना विचारत, उन्हात धरून दाखवत ठरवलं.

पूर्ण झालं तेव्हा काकांनी पुन्हा विमान उलटं केलं. पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हां. हे आमचं.” आता ते देवघराशेजारच्या फळीवर आहे.

मित्रांनो, परमार्थातही आपण असंच करतो ना? ‘भक्ती’, ‘वैराग्य’, ‘शरणागती’ हे शब्द ऐकतो आणि आपल्या मनातला रंग भरून मोकळे होतो. वैराग्य म्हणजे घर सोडणं, शरणागती म्हणजे हातपाय न हलवणं! संतांना विचारतच नाही. आणि कुणी चूक दाखवली की मोबाईल पुढे करतो.

आजचा अभ्यास : रोज वापरता असा एक शब्द निवडा, ज्याचा अर्थ तुम्ही गृहीत धरलाय. घरातल्या किंवा ओळखीतल्या, तो अर्थ जगलेल्या माणसाकडे जा, नमस्कार करा आणि विचारा. उत्तर मिळेपर्यंत मोबाईल खिशातच ठेवा.

राम कृष्ण हरी!