मुलाच्या तक्रारीची दखल

शाळेतील बालकांच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपले लक्ष प्रथम इमारत, कुंपण, पाणी व स्वच्छतागृहे यांकडे जाते, आणि ते योग्यच होय. तथापि धोक्याची पहिली सूचना पुष्कळदा मुलाकडूनच मिळत असते. ती ऐकून घेण्यास मोठी माणसे तयार असतातच असे मात्र नाही.

बिहार राज्याच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन या गावी 16 जुलै 2013 रोजी प्राथमिक शाळेतील माध्यान्ह आहार घेतल्यानंतर 23 बालके मृत्युमुखी पडली. स्वयंपाकासाठी वापरलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळून आले. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेलाविषयी शंका आली होती आणि मुलांनीही चवीबद्दल तक्रार केली होती, असे वृत्त पुढे प्रसिद्ध झाले. तरीही जेवण वाढले गेले.

आहार वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह प्रौढ व्यक्तींनी त्याची चव पाहावी, असा दंडक आहे. आपल्या गोव्यात अनेक शाळांना महिलांचे स्वयंसाहाय्य गट आहार पुरवितात. तो दुसरीकडे शिजून शाळेत येतो. साहजिकच त्यातील दोष प्रथम ध्यानात येतो तो खाणाऱ्याच्या. भाजीला वास येतो असे एखाद्या मुलाने म्हटल्यास त्यास खोडकर ठरविण्यापूर्वी सर्वांचे वाढप थांबवावे, आणि ते अन्न टाकून न देता तपासणीसाठी राखून ठेवावे. दहा वेळा तक्रार खोटी ठरली तरी हरकत नाही.

अन्नाविषयीची तक्रार मूल निदान उघडपणे बोलते. मारहाण, धाकदपटशा वा लैंगिक अत्याचार यांविषयी ते तसे बोलत नाही. एका विशिष्ट तासाच्या वेळीच पोट दुखू लागते, बालरथात बसण्यास ते काकू करू लागते, हसतेखेळते मूल अबोल होते. अशा वेळी अभ्यास टाळण्याची सबब म्हणून त्यास दटावणे सोपे असते. पालकवर्ग व शिक्षकवर्ग या दोहोंकडूनही असे घडते. वर्गात शिक्षा झाल्याचे मुलाने सांगितले, तर तुझेच काही चुकले असेल, हे उत्तर आजही अनेक घरी तयार असते. वस्तुतः गोवा बालक अधिनियम, 2003 अन्वये शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घालण्यात आली असून शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजे ज्यास सर्वसाधारणपणे पोक्सो म्हणतात तो कायदा, याहून पुढे जातो. असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या, किंबहुना तो घडण्याची साधार भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे कलम 19 नुसार बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कसलेही दायित्व येत नाही. उलट संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. शाळेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण आपसांत मिटविण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिला या कायद्यात स्थान नाही.

महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळविले नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निर्णय फिरविला आणि ठाऊक असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले.

मूल बोलू लागले की त्याचे म्हणणे मध्ये न अडविता ऐकावे. आधी का सांगितले नाहीस, असे विचारू नये. कोणालाही सांगणार नाही, असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुख्याध्यापक, व्यवस्थापक, पालक-शिक्षक संघ अशा प्रत्येकापुढे त्यास तीच हकीकत पुन्हा सांगावयास लावणे ही तर क्रूरताच होय. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावयाचा असतो, ही गोष्ट पालकांस ठाऊक असल्यास पोलीस ठाण्याची धास्ती पुष्कळशी कमी होते. मुलाची ओळख प्रकट होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; गावातील चर्चेतही हे पथ्य पाळले जावे.

तक्रारपेटीविषयी दोन शब्द. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर टांगलेल्या पेटीत चिठ्ठी टाकण्याचे धैर्य कोणते मूल करील? शिवाय पहिली-दुसरीच्या मुलास नीट लिहिताही येत नाही. त्यांच्यासाठी, ज्यांच्याशी ती मोकळेपणाने बोलतात अशी एखादी शिक्षिका वा सेविका नेमून द्यावी आणि तिचे नाव पालकांस कळवावे. 1098 हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून मूल स्वतःही त्यावर बोलू शकते. तो कार्यालयातील सूचनाफलकावर न लावता वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घ्यावा.