दुधाच्या पिशवीचं शिंकं

प्लास्टिकच्या बाटलीला रंग फासून केलेली फुलदाणी, चमच्यांचा मोर, स्ट्रॉचं झुंबर. शाळेच्या प्रदर्शनात अशा वस्तूंना बक्षिसं मिळतात, मग त्या घरी कपाटावर चढतात आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जातात. जी बाटली भंगारवाल्यानं आनंदानं घेतली असती, ती रंग आणि गोंद लागल्यावर तोही घेत नाही. म्हणून या लेखात शोभेचं काही नाही. आसन, शिंकं, दुरडी आणि गोधडी या चार वस्तू आहेत. पट्टी, दोरी आणि चिंधी हाताशी असली की त्या होतात. त्यांना गोंद लागत नाही, मेणबत्तीवर काही वितळवावं लागत नाही, आणि जोगेश्वरीच्या दहा बाय बाराच्या खोलीतही त्या रोज वापरात राहतात.

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून करू. आरेची दूध वसाहत 1951 मध्ये सुरू झाली, ती जोगेश्वरीहून हाकेच्या अंतरावर, गोरेगावात. तेव्हा दूध काचेच्या बाटलीतून यायचं आणि रिकामी बाटली केंद्रावर परत जायची. पिशवी आली तशी ही परत करण्याची सवय गेली. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकबंदी आली, पण दुधाच्या पिशवीला सूट मिळाली. अट अशी की ती 50 मायक्रॉनहून जाड असावी आणि किमान 50 पैसे देऊन परत घेतली जावी. तुमच्या दूधवाल्याकडे ते 50 पैसे मागून पाहा, निदान त्याची करमणूक होईल. आपल्या कामाचा आहे तो पिशवीचा जाडपणा.

पिशवी राखणं

कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नका. चीर अशी द्या की तो पिशवीलाच लोंबत राहील. नखाएवढा तुकडा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती लागत नाही. तो गटारात जातो, तिथून ओशिवरा नदीत आणि मालाडच्या खाडीत.

दूध ओतून झाल्या झाल्या पिशवी थंड पाण्यानं विसळा आणि ते पाणी कणकेत घाला. आधीच गरम पाणी घातलं तर दुधाचा थर आत चिकटून बसतो. मग वरची कड पूर्ण कापा, पिशवी उलटी करा, भांड्यांच्या साबणानं धुवा आणि चिमटा लावून सावलीत वाळत घाला. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा. नाक लावून पाहा. आंबूस वास येत असेल तर पुन्हा धुवा, नाहीतर तुमच्या आसनावर बसायला पहिल्यांदा मुंग्या येतील.

पट्टी आणि वेणी

पिशवीचा खालचा जोड कापला की हातात नळी उरते. ती आडवी ठेवून दोन-दोन सेंटीमीटर रुंदीची कडी कापा. अर्ध्या लिटरच्या पिशवीतून साधारण आठ निघतात. दोन रबरबँड एकमेकांत अडकवतो तशीच ही कडी अडकवत जायची. एक दुसऱ्यावर ठेवा, त्याचं टोक त्याच्याच फासातून काढा आणि हळूच ओढा. जोरात ओढलं तर प्लास्टिक ताणून पातळ होतं आणि पुढे तिथेच तुटतं. एका पिशवीतून अंदाजे मीटरभर दुपदरी दोरी मिळते.

अशा तीन दोऱ्यांची वेणी घाला. शेंड्याला खिळा किंवा दाराची कडी धरा. वेणी घट्ट नको आणि सैलही नको. केसांची घालताना हात आपोआप जसा चालतो, तसा चालू द्या. तिन्ही दोऱ्यांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, तिथे गाठोडं होतं.

चाळीस सेंटीमीटर व्यासाच्या गोल आसनाला साधारण नऊ मीटर वेणी लागते. तिला तीन दोऱ्या मिळून पस्तीसेक मीटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या पस्तीस ते चाळीस पिशव्या. रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घरात तेवढ्या तीन आठवड्यांत जमतात. वेणीचं टोक वळवून घट्ट गुंडी करा आणि दाभणानं तिला टाका घाला. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. मग वेणी गुंडीभोवती फिरवत जा आणि प्रत्येक फेरीला आतल्या कडेशी बोटाबोटावर टाके घाला. हे सगळं टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवूनच करा. मांडीवर शिवायला घेतलं की आसनाची वाटी होते. कडा वर उचलायला लागल्या तर समजा की तुम्ही वेणी ओढून शिवताय. दोन फेऱ्या उसवा आणि सैल हातानं पुन्हा शिवा.

रंगाचं गणित मजेशीर आहे. पिशवी उलटी केली की आतली बाजू बहुधा पांढरट असते, छपाईची बाजू निळी, लाल, हिरवी. पांढरी बाजू बाहेर ठेवून मधलं आसन आणि शेवटच्या तीन फेऱ्या छापील बाजूच्या केल्या, तर साडीला काठ असावा तशी कड दिसते. पुण्यात अमिता देशपांडे यांनी सुरू केलेल्या 'रीचरखा'मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे पिशव्या धुऊन हातानं पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून कापड काढतात. चरखा घरी नसला तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी: पिशव्या रंगवार लावून ठेवायच्या, म्हणजे नक्षी आधी ठरवता येते.

वेणी गुंडाळलेली पाहून पातेल्याखाली ठेवायला चुंबळ करायचा मोह होईल. तो टाळा. हे प्लास्टिक साधारण 110 अंशांना वितळतं आणि गॅसवरून उतरवलेल्या तेलाची कढई त्याहून कितीतरी गरम असते. देवघरात निरांजनाजवळही हे आसन नको.

शिंकं

आपल्या आज्यांनी दूध-दही मांजराच्या तोंडून वाचवलं ते शिंक्यानं. आज दही फ्रिजमध्ये असतं, पण कांदे, लसूण, बटाटे यांना अजूनही वारा लागतो, आणि छोट्या खोलीत जमीन महाग, छत मोकळं. जुन्या घरात पाळण्याचा आकडा अजून असेल तर फारच छान.

वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढी लांबी होते तेवढ्या, चार वेण्या घाला. स्टीलच्या कड्यातून चारही मध्यावर दुमडा. आठ टोकं खाली आली. कड्याच्या लगेच खाली सगळ्यांची मिळून एक गाठ मारा. मग दोन-दोन टोकांच्या चार जोड्या करा आणि दोन विती खाली प्रत्येक जोडीला गाठ मारा. आता या जोड्या फोडायच्या: प्रत्येक जोडीचं उजवं टोक शेजारच्या जोडीच्या डाव्या टोकाला, चार बोटं खाली, गाठीनं जोडा. जाळी दिसायला लागेल. तशीच आणखी एक ओळ, पण पुन्हा जोड्या बदलून. शेवटी तीन बोटं खाली आठही टोकं एकत्र करून भक्कम गाठ मारा. खाली जे उरतं त्याचा गोंडा होऊ द्या. कापून टाकलंत तर एखादे दिवशी गाठ सुटेल.

गाठी सारख्या अंतरावर याव्यात म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा मापाला धरा. नजरेनं मारलेल्या गाठींचं शिंकं नेहमी एका बाजूला कलतं.

या प्लास्टिकचा एक स्वभाव लक्षात ठेवा. वजन टांगून ठेवलं की ते तुटत नाही, पण दिवसेंदिवस लांबत जातं. म्हणून आधी दोन किलो बटाटे घालून शिंकं रात्रभर जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगा आणि सकाळी पाहा. लांबलं तर वरची गाठ पुन्हा आवळा. दोन किलोंच्या पुढे जाऊ नका. काचेची बरणी नको, आणि बाळाच्या डोक्यावर तर काहीच नको. खिडकीबाहेर, उन्हात कुंडी टांगायलाही हे वापरू नका. ऊन लागून प्लास्टिक कडक होतं, तडकतं, आणि त्याचे तुकडे खालच्या मजल्यावर पडतात.

दुरडी

टीव्ही, फ्रिज, मोठी पार्सलं यांच्या खोक्यांना बांधलेली पट्टी फेकू नका. घरात पुरेशी नसेल तर ओशिवऱ्याच्या फर्निचरच्या दुकानांत मागून पाहा. ही पट्टी दुधाच्या पिशवीसारखी ताणली जात नाही, बांबूच्या बेळासारखी उभी राहते. म्हणून बुरुडाची वीण तिच्यावर सहज बसते.

पन्नास सेंटीमीटरच्या सव्वीस पट्ट्या कापा. आठ उभ्या मांडा, आठ आडव्या त्यांच्यातून एक खाली-एक वर अशा ओवा. मधोमध दहा सेंटीमीटरचा चौकोन तयार होईल, तोच तळ. त्याच्या चारही कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावा आणि पट्ट्या मोजपट्टीच्या आधारानं दुमडून उभ्या करा. उरलेल्या दहा पट्ट्या एकेक करून भिंतीभोवती ओवायच्या. प्रत्येक फेरी स्वतंत्र, टोकं एकमेकांवर आत लपलेली. पुढची फेरी मागच्या फेरीच्या उलट सुरू करा. शेवटी उभ्या पट्ट्यांची टोकं वरच्या फेरीवरून दुमडून दोन-तीन घरं खाली खोचा. पट्टीची कड बोट कापते, म्हणून जुने हातमोजे घाला.

कांदे, चिमटे, सुईदोरा ठेवायला दुरडी उत्तम. भाकरी मात्र बांबूच्याच दुरडीत ठेवा. बांबू वाफ शोषतो, प्लास्टिक शोषत नाही आणि खालची भाकरी ओली होते.

गोणीची गोधडी

तांदळाची विणलेली प्लास्टिकची गोणी उसवून सपाट करा. वर-खाली जुन्या सुती साडीचा एकेक पदर घाला आणि कडेनं सुरुवात करून आतआत धावदोरा घालत जा, गोधडीला घालतात तसा. गोणीच्या कापलेल्या कडा सुटतात, म्हणून त्या दोन बोटं आत दुमडा. अंगुस्तान लागेलच. पावसात फरशीला ओल येते तेव्हा ही खाली अंथरायला चांगली, ओल सहज वर येत नाही. सुरुवातीला खाली कुरकुर आवाज येतो, दोन-चार धुण्यांत कमी होतो.

चिप्सची पाकिटं, औषधाच्या पट्ट्या, कीटकनाशकाच्या बाटल्या यांच्या वाटेला जाऊ नका. आधीच भुगा व्हायला लागलेली पिशवीही नको. कीटकनाशकाची बाटली घरगुती घातक कचऱ्यात, बाकीचं सुक्या कचऱ्यात. दुधाची एक पिशवी तीनेक ग्रॅमची, किलोला तीनशेहून जास्त लागतात. त्यामुळे ज्यांना विणायचं नाही त्यांनी मजल्यावरच्या चार घरांचं मिळून एक पोतं लावावं आणि भरलं की भंगारवाल्याला बोलवावं. आसन झिजलं तरी तेच करायचं. पॉलिएस्टरचा दोरा उसवून ओढून काढा. मागे उरलेल्या वेण्यांत दुधाच्या पिशवीशिवाय काही नसतं, त्या त्याच पोत्यात टाका.