रेड हिल : इंधनाचा न लागलेला हिशेब

कॅडेट मित्रांनो, लष्करी तळाला इंधनाचा साठा लागतो आणि पिण्याच्या पाण्याची विहीरही लागते. इंधन विहिरीपर्यंत पोहोचले तर काय होते, याचा धडा अमेरिकी नौदलाला हवाई बेटांवर मिळाला. तो आपणही अभ्यासण्यासारखा आहे.

ओआहू बेटावर पर्ल हार्बरजवळ रेड हिल नावाची डोंगरधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या पोटात इंधनाच्या वीस टाक्या बांधल्या गेल्या. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच, १०० फूट व्यासाची आणि सव्वा कोटी गॅलन मावेल एवढी. बॉम्बहल्ल्यापासून साठा सुरक्षित झाला. पण टाक्यांच्या तळापासून सुमारे १०० फुटांवर बेटाचे भूजल होते आणि त्याच भूजलातून नौदलाच्या वसाहतींना पाणी जात होते.

काय घडले?

६ मे २०२१ रोजी इंधन हलवताना झडपांचा क्रम चुकला. नळातला दाब एकदम वाढला, सांधे निखळले आणि जेपी-५ हे केरोसीनच्या जातीचे विमान-इंधन बोगद्यात सांडले. सुरुवातीला सुमारे १,६०० गॅलन सांडले आणि ते जवळजवळ सगळे गोळा झाले, असे धरले गेले. प्रत्यक्षात सुमारे २०,००० गॅलन, म्हणजे ७५,००० लिटर इंधन बाहेर पडले होते. त्यातले बहुतेक आग विझवण्याच्या यंत्रणेच्या प्लॅस्टिकच्या निचरा-नळात जाऊन साठले होते. टाकीच्या पातळीतला फरक नोंदीत होता, पण त्याचा माग शेवटपर्यंत काढला गेला नाही.

२० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा धक्का त्या नळाच्या झडपेला बसला. नळ फुटला आणि सहा महिने साठलेले इंधन विहिरीच्या जवळच सांडले. आठवडाभरात घराघरांतल्या नळांना इंधनाचा वास येऊ लागला. २८ नोव्हेंबरला विहीर बंद केली. त्या पाणीयोजनेवर सुमारे ९३,००० लोक अवलंबून होते. सैनिकांच्या घरांतल्या बायकामुलांना मळमळ, डोकेदुखी आणि अंगावर पुरळ असे त्रास झाले. हजारो कुटुंबांना घर सोडून हॉटेलात राहावे लागले.

तपास कसा करतात?

जमिनीत गेलेले इंधन चार रूपांत असते : मातीला किंवा खडकाला चिकटलेले, पाण्यावर तवंग होऊन तरंगणारे, पाण्यात विरघळलेले आणि वाफेच्या रूपात पोकळ्यांत भरलेले. तवंग डोळ्यांना दिसतो. विरघळलेले बेन्झीन दिसत नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या बेन्झीनची मर्यादा लिटरमागे फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून पाणी नितळ दिसले तरी प्रयोगशाळेत तपासावेच लागते.

पुढचा प्रश्न : दूषित पाणी कोणीकडे चालले आहे? त्यासाठी निदान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत असून चालत नाहीत. एक काल्पनिक उदाहरण सोडवू. विहिरींच्या काठांची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि काठापासून पाण्याची खोली अशी आहे :

अ : काठ १२०.०० मीटर, खोली १८.०० मीटर
ब : काठ ११८.५० मीटर, खोली १६.७० मीटर
क : काठ १२१.०० मीटर, खोली १९.६० मीटर

वजाबाकी केली की पाण्याची पातळी अनुक्रमे १०२.००, १०१.८० आणि १०१.४० मीटर येते. क चा काठ सर्वांत उंच, पण पाणी सर्वांत खाली. म्हणजे जमिनीचा उतार कसाही असो, भूजल साधारण क च्या बाजूला वाहते. इंधन अ जवळ सांडले असेल तर आधी क कडच्या गावाला सावध करायचे.

हा नियम सारख्या मातीत चांगला लागू पडतो. हवाईचा खडक बेसॉल्ट आहे आणि आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाणही बेसॉल्टच. काळ्या पाषाणात विहीर खोदणाऱ्याला ठाऊक असते की एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवरची कोरडी निघते. पाणी भेगांतून जाते, इंधनही तसेच. अशा ठिकाणी तीन विहिरींवर थांबता येत नाही.

शिवाय पंप चालू झाला की पाणी त्या विहिरीकडे ओढले जाते. म्हणूनच होनोलुलू शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये जवळची आपली विहीर शुद्ध असूनही बंद केली. ती चालू राहिली असती तर दूषित पाणी शहराकडे ओढले जाण्याचा धोका होता.

सफाई कशी करतात?

क्रम महत्त्वाचा. आधी गळती थांबवायची, मग तवंग काढायचा, नंतर पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळायचे. खडकातली वाफ पंपाने ओढून घेता येते. उरलेल्या इंधनाचा काही भाग जिवाणू खातात, पण त्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. रेड हिलला विहिरीवरचे इंधन काढले, वसाहतींचे नळ धुतले आणि विहिरीचे पाणी उपसून कोळशाच्या गाळण्यांतून सोडले. मार्च २०२२ मध्ये घरांतले पाणी पुन्हा पिण्यास योग्य ठरवले गेले.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी हा साठा कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पण टाक्या लगेच रिकाम्या करता आल्या नाहीत. जुन्या नळांतून इंधन सोडले असते तर दुसरा अपघात झाला असता. आधी दुरुस्त्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे १०.४ कोटी गॅलन इंधन उतरवायला सुरुवात झाली. टाक्या रिकाम्या झाल्या तरी भूजलाची देखरेख संपत नाही.

आपण काय शिकायचे?

उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी ताब्यात एखाद्या युनिटचा इंधनसाठा येईल. रोज मापकाठीने पातळी घ्याल, आलेले आणि दिलेले इंधन लिहाल. समजा, १०,००० लिटर डिझेलमध्ये १५० लिटरची तूट आली. तापमान १० अंशांनी उतरले असेल तर सुमारे ८० लिटर आकुंचनाचे धरता येतील. उरलेल्या ७० लिटरचे काय? "मोजण्यात चूक झाली असेल" असे लिहून वही मिटणे सोपे असते. पुन्हा मोजणे, सांधे तपासणे आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवणे, प्रसंगी आपली चूक कबूल करणे, हे अवघड असते.

रेड हिलच्या सफाईला कोळसा, पंप, तज्ज्ञ आणि कित्येक वर्षे लागली. मे महिन्यातला फरक शेवटपर्यंत शोधला असता तर निचरा-नळ नोव्हेंबरच्या आधी रिकामा करता आला असता. जे आडात तेच पोहऱ्यात येते, आणि त्या पोहऱ्यातून आपल्याच जवानांची मुले पाणी पितात.

सोडवून पाहा

१. वरील उदाहरणात क विहिरीतली खोली १८.८० मीटर असती, तर सर्वांत कमी पातळी कोणत्या विहिरीत असती?
२. आपल्या शाळेच्या जनरेटरचे डिझेल कोठे ठेवतात? तेथून सर्वांत जवळची विहीर किंवा बोअरवेल किती पावलांवर आहे, आणि पाणी कोणीकडे वाहत असेल?