स्वमग्नता आणि काम
(द्वितीय वर्ष कला)

स्वमग्नता हा रोग नव्हे. ती मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता आहे. अशा व्यक्तीला बोलण्यातील आडवळणे उमगत नाहीत, गोंगाट व अचानक बदल सोसत नाही. मात्र ठरलेल्या क्रमाने चालणारे काम बरेचदा मानवते. शाळा आहे तोवर दिवस भरलेला असतो. अठराव्या वर्षानंतर काय, हा खरा प्रश्न आहे.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील फॉरेस्ट या लहान गावचा. मोठेपणी तो गावातल्या बँकेत काम करू लागला आणि २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी निवर्तला. गावाने त्याला आपला मानले. परंतु त्या बँकेत त्याच्या घराण्याचा वाटा होता. ज्याच्या घरी बँक नाही, त्याने काय करावे?

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा राखल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटांना मिळून आहे. एवढ्याने भागणारे नाही. मुंबईत जुहू येथे ‘यश चॅरिटेबल ट्रस्ट’ने २०१८ साली ‘कॅफे अर्पण’ सुरू केले; तेथे असे प्रौढ स्वयंपाकघरात व गिऱ्हाइकांपुढे काम करून पगार मिळवतात.

आपल्या देवगडात कॅफे नसेल, पण हापूस आहे. माझी आई हंगामात आंबे भरायला जाते, म्हणून ते काम मी जवळून पाहते. खोका जोडणे, तळाशी पेंढा पसरणे, वजनाप्रमाणे आंबे निवडणे, डागी फळ बाजूला काढणे, मोजून लावणे, झाकण बंद करणे : प्रत्येक पायरी वेगळी आणि रोज तीच. या पायऱ्यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत, एका वेळी एकच पायरी शिकवावी, जागा गडबडीपासून दूर द्यावी आणि शेजारी एकच ठरलेला माणूस असावा. सूचना थोडक्यात व सरळ सांगावी. हंगाम दोन-तीन महिन्यांचाच, हे खरे. पण त्यात लागलेली सवय पुढे काजूच्या कारखान्यात वा दुकानातही उपयोगी पडेल.

मजुरी मात्र इतरांइतकीच हवी. चहाच्या सुट्टीत त्यालाही सोबत बोलवावे. तो बोलला नाही तरी चालेल. दया दाखवून माणूस घरातच राहतो. काम दिले म्हणजे तो वाडीतला होतो.