कृषी पदवी घेताय? आधी काम पाहून या

‘सातबारा नावावर नाही, मग कृषी पदवी घेऊन मुलगी करणार काय?’ बारावीच्या निकालानंतर पालक हा प्रश्न हमखास विचारतात. जमीन असलेल्या घरांची धास्ती वेगळी असते. शेतीतून बाहेर पडावा म्हणून मुलाला शिकवलं, तो पुन्हा शेतीतच जाणार का? दोन्ही काळज्या रास्त आहेत. मात्र शेतीउद्योगात माणसं नेमकी कुठे कमी पडतात, हे पाहिल्यावर त्यांचं उत्तर सापडू लागतं.

२०१० साली भारतातून गेलेली द्राक्षं युरोपात अडवली गेली. वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतल्या ‘सीसीसी’चे, अंश त्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले. निर्यातदारांचं आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. कोणतं औषध कधी मारलं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, माल जाणार त्या देशात त्याची मर्यादा किती, हे प्रत्येक प्लॉटवर पाहून लिहून ठेवणारा माणूस तेव्हापासून अधिकच मोलाचा झाला.

याहून दुःखद धडा २०१७ चा आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. औषधांचं मिश्रण, पंपाचा दाब, वाऱ्याची दिशा, मास्क आणि हातमोजे या गोष्टी मजुराला त्याच्या भाषेत, त्याच्या शेतात उभं राहून शिकवणारं कुणी असतं, तर त्यांतले काही जीव तरी वाचले असते असं मला ठामपणे वाटतं.

शास्त्रज्ञ आहेत, कष्टकरीही आहेत. त्यांच्या मधला जाणकार कमी पडतो. माती-पाण्याचा अहवाल वाचून ठिबकमधून द्यायच्या विद्राव्य खतांचा हिशोब करणारा, पॅकहाउसमध्ये प्रतवारी आणि शीतगृहाचं तापमान सांभाळणारा, शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब चोख ठेवणारा. या कामांना नावावर सातबारा लागत नाही.

वाटाही एकच नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत चार वर्षांची कृषी पदवी आहे. तिच्या जोडीला कृषी अभियांत्रिकी आणि अन्नतंत्रज्ञानासारख्या शाखाही आहेत. दहावीनंतर कृषी पदविका घेता येते. यंत्रांची आवड असेल तर आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड पाहा. त्याला कमी लेखू नका, ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला की त्याची किंमत कळते. फवारणीचा ड्रोन उडवायला अठरा वर्षं पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण पुरतं. कृषी पदवीधराला स्वतःचं केंद्र काढायचं असेल, तर केंद्र सरकारच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं, आणि कर्जावर अनुदानही.

आता कटू भाग. खासगी क्षेत्रातल्या पहिल्या नोकऱ्या बहुतेक विक्रीच्या असतात. पगार बेताचा, उन्हातान्हात दुचाकीवर फिरणं आणि डोक्यावर टार्गेट. म्हणून अनेक मुलं पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत शिरतात आणि प्रात्यक्षिकं हजेरीपुरती उरतात. परीक्षा जरूर द्या, पण जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट. निकाल हुकला तर हाताशी कौशल्य हवंच. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कृषिदूत किंवा कृषिकन्या होऊन गावात राहण्याचे महिने फलक लावून आणि फोटो काढून उरकू नका. शेतकऱ्याशी बोलायला, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला तिथेच शिकता येतं, आणि मुलाखतीत तेच उपयोगी पडतं.

पालकांनो, कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. कॉलेजची स्वतःची जमीन किती, प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत का, प्राध्यापकांची पदं भरलेली आहेत का, हे विचारा. कॉलेजवाल्यांपेक्षा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलंत तर जास्त बरं. आणि प्रवेशाआधी मुलाला किंवा मुलीला जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात, जमलं तर हंगामात एखाद्या पॅकहाउसमध्येही, दिवसभर घेऊन जा. काम आवडतं का, हे त्यांना तिथे ठरवू द्या.