पाकिटातून आलेले अंक

प्रश्न : परदेशातल्या ग्रंथालयांनी समलिंगी लोकांची जुनी नियतकालिके जपून ठेवली आहेत, असे वाचले. आपल्याकडे असे काही निघत होते का? मग आमच्या वाचनालयात ते कधीच कसे दिसले नाही?
– एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : निघत होते. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. मधे ते बंद पडले आणि २००९ मध्ये पुन्हा निघाले.

पण हा विषय आपल्याकडे तेव्हाच आला, असा समज असेल तर तो काढून टाका. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत मराठीत निघत होते. ते समलिंगी लोकांचे मासिक नव्हे, लैंगिक शिक्षणाचे. मात्र वाचक त्यात हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी मोकळेपणाने विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिक लैंगिक विषयाचेच असेल, तर वाचकांच्या शंकांना उत्तर का द्यायचे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटल्यात हार झाली, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरी मासिक चालूच राहिले. प्रश्नोत्तरांचे सदर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आता वाचनालयाचे. गावातले वाचनालय सभासदांच्या मागणीप्रमाणे अंक घेते, आणि असा अंक चारचौघांत मागणार कोण? घरी पाकिटातून आलेला अंक गादीखाली राहायचा, नंतर नष्ट व्हायचा. परदेशातही फार वेगळे नव्हते. लॉस एंजेलिसचे ‘वन’ हे समलिंगी लोकांचे मासिक टपाल खात्याने अश्लील म्हणून अडवले होते. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. समलिंगी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांनीच असे कागद साठवले, म्हणून आज तो संग्रह तिथल्या विद्यापीठात आहे. आपल्याकडे बेंगळुरूचा ‘कॅमरा’ हा संग्रह असे कागद, छायाचित्रे, मुलाखती जपतो.

तुमच्याकडे एखाद्या पेटीत असा अंक निघाला, तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. दोन्हींनी जुना कागद खराब होतो. सपाट, कोरड्या जागी ठेवा. सोबत कुणाची खासगी पत्रे असतील, तर त्यांतली नावे मात्र कुणाला दाखवू नका. ती माणसे किंवा त्यांची मुले आजही आसपास असू शकतात.